सेतवारातले एक नाव, न लिहिलेली चार नावे

"आपण मूळचे कुठले?" असे मुलांनी विचारले की आपल्या बहुतेक घरांत उत्तर तयार असते. कोणी सांगते, आपण अरबस्तानातून आलो. कोणी सांगते, अमुक औलियांच्या काफिल्याबरोबर आलो. कोणाचे पूर्वज बादशाही लष्करात मोठ्या हुद्द्यावर होते. काही घरांत पेटीच्या तळाशी जपलेला शजराही असतो आणि तो चार-पाच पिढ्यांनंतर थेट एखाद्या थोर नावाला जाऊन भिडतो. यातले काही खरे असेलही. पण मराठवाड्यातल्या आणि देशावरच्या असंख्य मुस्लिम घरांचा एक दुसरा शजरा आहे, आणि तो आपण क्वचितच उघडून पाहतो. तो तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, धुळीने भरलेल्या बस्त्यात बांधलेला असतो. त्यात आपला पूर्वज घोड्यावर बसलेला नसतो. त्याच्या हातात कासरा असतो आणि नावावर तगाईचे कर्ज असते.

यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. पडीक, ओसाड जमीन कसून जिवंत करण्याला आपल्या फिक्हमध्ये 'इहया-उल-मवात' असे स्वतंत्र नाव आहे. मेलेल्या जमिनीत जीव आणणाऱ्याचा तिच्यावर हक्क निर्माण होतो, हे तत्त्व हदीसमधून आलेले आहे. बंजर जमिनीवर पहिला नांगर घालणारा पूर्वज सापडणे ही कोणत्याही घराण्यासाठी मानाची गोष्ट आहे.

तीन वर्षांपूर्वी अब्बांचा इंतकाल झाला आणि शेताच्या वारस नोंदीचा विषय घरात निघाला. जुने उतारे काढावे लागले. त्यातले काही उर्दूत होते. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, म्हणून ते कागद आपोआप माझ्याकडे आले. परदादांच्या वडिलांपर्यंत मी पोहोचले. वाटेत जे दिसले ते मात्र केवळ आमच्या घरापुरते नाही, म्हणून हा लेख.

पहिला नांगर

आपल्या भागात नव्या जमिनीवर शेतकरी बसवण्याची रीत फार जुनी आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जमीन महसुलाची घडी बसवली. पुढे औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना त्याचा दिवाण मुर्शिद कुली खान याने युद्धांनी आणि दुष्काळांनी ओस पडलेली गावे पुन्हा वसवली, बैल आणि बियाण्यांसाठी शेतकऱ्यांना आगाऊ रक्कम दिली. तीच तगाई. 'तकवियत' म्हणजे बळ देणे, या अरबी कुळातला हा शब्द आज कोणत्याही मराठी शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याला 'इस्तावा कौल' मिळत असे. पहिल्या वर्षी सारा नाममात्र, मग दर वर्षी थोडा चढता, आणि काही वर्षांनी पूर्ण. जमीन साफ करायची, दगड वेचायचे, बांध घालायचा, विहीर खणायची, हे सगळे त्या सवलतीच्या वर्षांत उरकायचे.

निजामाच्या राज्यात सालार जंग यांच्या सुधारणांनंतर, मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रीतसर मोजणी सुरू झाली. प्रत्येक शेताला सर्वे नंबर पडला, आकार ठरला आणि पट्टेदाराचे नाव लिहिले गेले. त्या मूळ नोंदवहीला आपल्याकडे सेतवार म्हणतात. मराठवाड्यातल्या घराण्याचा जमिनीवरचा पहिला माणूस शोधायचा, तर बहुतेक वेळा सेतवार हाच शेवटचा टप्पा असतो. परदादांच्या वडिलांचे नाव मला तिथेच सापडले. जमीन खुश्की, म्हणजे जिरायत. क्षेत्र चोवीस एकर आणि वर काही गुंठे.

आजच्या सातबारापासून मागे

हा शोध कोणालाही घेता येतो. नियम एकच. ऐकलेल्या गोष्टीपासून पुढे यायचे नाही, हातातल्या कागदापासून मागे जायचे.

सुरुवात आजच्या सातबारापासून करावी. त्यावर फेरफारांचे क्रमांक असतात. त्यातला प्रत्येक क्रमांक म्हणजे एक घटना: कोणी वारले, कोणी विकले, कोणी वाटणी केली, कोणी कर्ज काढले. त्या क्रमांकाचा गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवहीतला उतारा काढावा. एक फेरफार आपल्याला आधीच्या फेरफाराकडे नेतो. गावात एकत्रीकरण योजना झाली असेल तर आजच्या गट नंबरचा जुना सर्वे नंबर आधी जुळवून घ्यावा लागतो. ही पायरी चुकली तर माणूस दुसऱ्याच्याच शेतात शिरतो. मग हस्तलिखित सातबारा, त्यामागे १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक, आणि त्याच्याही मागे निजामी काळातले सेतवार.

हे कागद तहसीलच्या अभिलेख कक्षात किंवा तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात असतात. साधा अर्ज, ठरलेली फी आणि भरपूर सबुरी एवढे लागते. बरेच जुने उतारे आता स्कॅन होऊन 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावरही आले आहेत. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांची साखळी थोडी वेगळी असेल. तिथे १९०३ च्या कायद्याने हक्कनोंद सुरू झाली आणि काझी, मुलाणी, मुजावर यांच्या इनामांची कागदपत्रे मोडीत सापडतात. कोकणातल्या वाचकांना खोतीचे दप्तर पाहावे लागेल. तिथली खोती १९४९ च्या कायद्याने संपली.

साखळीत खंड पडतोच. १९४८ च्या पोलीस कारवाईच्या वेळी मराठवाड्यातल्या अनेक मुस्लिम कुटुंबांना गाव सोडावे लागले. परत आली त्या घरांतही कागद उरले नव्हते. म्हणून १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक आपल्यासाठी फार मोलाचे आहे. सगळ्या उलथापालथीनंतर प्रत्यक्ष शेतात कोण उभे होते, ते त्यात दिसते.

उर्दू कुठे उपयोगी पडते

निजामी दप्तर उर्दूत आहे, आणि ते शाळेत शिकवतात त्या वळणाचे नाही. शिकस्ता अक्षर, नुक्ते गाळलेले, शब्द एकमेकांत अडकलेले. रकमा कित्येकदा सियाकच्या खुणांत. पण ठरावीक शब्द ओळखीचे झाले की पान उलगडू लागते. 'वल्द' म्हणजे मुलगा, 'फौत' म्हणजे मयत, 'विरासत' म्हणजे वारसा, 'पट्टेदार' ज्याच्या नावे जमीन, 'शिकमीदार' पट्टेदाराबरोबर हक्क असलेला. बाईच्या नावाआधी 'मुसम्मात' येते आणि नंतर 'जौजे' किंवा 'बेवा', म्हणजे अमक्याची पत्नी किंवा अमक्याची विधवा.

तारखा फसली सनात असतात. निजामी राज्यात फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्यापासून सुरू होई. फसली सनात ५९० मिळवले की ते वर्ष ज्या इसवी सनात सुरू झाले तो मिळतो, आणि जानेवारीपासूनच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवावे लागतात. उदाहरणार्थ, १३२० फसलीचा आजूर म्हणजे ऑक्टोबर १९१०, आणि त्याच वर्षाचा खुर्दाद म्हणजे एप्रिल १९११. एवढे न केल्यास आजोबा वडिलांच्या आधी मरतात आणि नातू काकाच्या आधी जन्मतो.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यातले हे दप्तर पुन्हा उघडले गेले आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची गरज सगळ्यांना कळली. आपल्या मुलांनी घरातली उर्दू टिकवावी यासाठी हेही एक कारण आहे. त्या दप्तरात आपल्या शेजारच्या मराठा, धनगर, वंजारी, दलित घरांचाही इतिहास आहे. आणि उलट पाहिले तर मराठी शेतकऱ्याच्या तोंडी असलेले जमीन, हक्क, कब्जा, वारस, खरीप, रब्बी, तालुका, मौजे हे शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत. 'बुद्रुक' म्हणजे 'बुजुर्ग', मोठे. 'खुर्द' म्हणजे लहान. जुन्या मोडी कागदांत पाटलांची नावेसुद्धा 'अमुक बिन तमुक' अशीच लिहिलेली आहेत. मातीत कोण कोणाचा असा भेद त्या लिहिणाऱ्यांनी फारसा केलेला दिसत नाही.

चोवीस एकरांचा हिशेब

आता मूळ मुद्द्याकडे येते.

परदादांच्या वडिलांचे नाव सेतवारात मिळाले. त्यानंतर १३२० फसलीत त्यांच्या नावासमोर 'फौत' आणि विरासत दोन मुलांच्या नावे, निम्मी निम्मी. बारा एकर एकाला, बारा दुसऱ्याला. त्यातले एक माझे परदादा. घरच्या सांगण्यातही हेच होते: दोन भाऊ, बारा-बारा एकर.

पण कसब्यातल्या काझींच्या घराण्याने निकाहाचे जुने सियाहे जपून ठेवले होते. ते चाळताना याच पित्याच्या नावाने तीन मुलींचे निकाह सापडले. म्हणजे परदादांना तीन बहिणी होत्या. त्यांची नावे आमच्या घरात कोणालाही माहीत नव्हती. आणि थकबाकीच्या यादीत आणखी एक नोंद होती. १३०९ फसली, म्हणजे १८९९-१९००, मोठ्या दुष्काळाचे वर्ष. त्या वर्षी आणि पुढची काही वर्षे याच सर्वे नंबरावर तगाईची बाकी भरणारी व्यक्ती म्हणून 'मुसम्मात' अमुक, 'बेवा' अमुक असे लिहिलेले आहे.

याचा अर्थ सरळ आहे. बंजर जमीन फोडणारा तो पूर्वज दुष्काळाच्या सुमारास वारला. मुले लहान होती. पुढची दहा-अकरा वर्षे त्याच्या विधवेने ती जमीन राखली, तगाई फेडली, पाच लेकरे वाढवली, तीन मुलींचे निकाह लावून दिले. कर्ज फेडताना सरकारला तिचे नाव चालले. मुलगे मोठे झाल्यावर विरासत लिहिली गेली, तेव्हा तिचे नाव नव्हते. मुलींचीही नव्हती.

कुरआनने वारशाचे हिस्से सूरह निसाच्या ११ आणि १२ व्या आयतीत ठरवून दिले आहेत. त्याआधी, ७ व्या आयतीत, मालमत्ता थोडी असो वा फार, तिच्यात स्त्रियांचाही हिस्सा आहे हे स्पष्ट केले आहे. दफनाचा खर्च, कर्ज (न दिलेला मेहर हेही कर्जच) आणि एक तृतीयांशपर्यंतची वसियत वजा करून उरते ते वाटायचे. मुले असतील तर पत्नीला आठवा हिस्सा. बाकीच्यात मुलाला दोन भाग, मुलीला एक.

हिशेबासाठी वरचे गुंठे सोडून देऊ. चोवीस एकरांचा आठवा हिस्सा तीन एकर, तो पत्नीचा. राहिले एकवीस. दोन मुलांचे चार भाग आणि तीन मुलींचे तीन, मिळून सात भाग. एक भाग तीन एकरांचा. प्रत्येक मुलाला सहा एकर, प्रत्येक मुलीला तीन एकर. मुलांचे मिळून बारा, मुलींचे नऊ, आईचे तीन. बेरीज चोवीस.

नोंदीत मुलांना मिळाले चोवीस. म्हणजे बारा एकर, बरोबर निम्मी जमीन, चार बायकांची होती आणि ती दोन ओळींत नाहीशी झाली. सातवीच्या मुलीलाही सुटेल असे हे गणित आहे.

नावे कशी गळतात

हे एकट्या आमच्या घरात झाले असे नाही, आणि एकट्या मुसलमानांतही नाही. गावाची रीत सगळ्यांची सारखीच होती: जमीन मुलांची, मुलींना सासर. कायद्यानेही या रीतीला जागा ठेवली. इंग्रजी मुलखासाठी १९३७ मध्ये शरियत कायदा झाला, पण त्याच्या दुसऱ्या कलमातून शेतजमीन वगळली होती. निजामी राज्याला तर तो लागूच नव्हता. पण आपण दीनदार म्हणवतो, आणि कायद्यातली फट दीनमधली सवलत होत नाही.

नावे गळण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. पहिली वाट, थोरल्या भावाचे नाव लावून पुढे 'ए.कु.म.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असे लिहिणे. मुस्लिम वारसा कायद्यात हिंदू एकत्र कुटुंबासारखी व्यवस्था नाही. बाप वारला त्या क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा वेगळा ठरतो. तरीही ही अक्षरे आपल्या उताऱ्यांवर दिसतात, आणि दोन पिढ्यांनी थोरल्याची मुले म्हणतात, जमीन आमच्या अब्बांचीच. दुसरी वाट 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता. लहान भावंडांतर्फे कोणी मोठा नोंदला जातो, आणि भावंडे सज्ञान झाली तरी नोंद बदलत नाही. तिसरी वाट हक्कसोडपत्राची. आमच्या वारस नोंदीच्या वेळी गावातल्या एका अनुभवी गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच: "बहिणींची सही झाली का?" जणू बहिणीची सही हे मृत्यूच्या दाखल्यासारखे जोडायचे कागदपत्र आहे.

चौथी वाट सगळ्यांत अवघड, कारण ती प्रेमातून जाते. माझ्या फुफींना मी विचारले, तुम्ही हिस्सा का घेतला नाही? त्या म्हणाल्या, "जमीन ले के क्या करूँ बेटा? मैके का दरवाजा खुला रैना, बस." या वाक्यात त्याग आहे, पण भीतीही आहे. हिस्सा मागितला तर ईदला बोलावणे येणार नाही, मुलीच्या लग्नात मामा उभा राहणार नाही, ही ती भीती. हिस्सा सोडण्याची मोकळीक शरियतमध्ये जरूर आहे. पण तो आधी तिचा आहे हे मान्य व्हावे, किती आहे ते तिला सांगावे, आणि मग तिने आपल्या मर्जीने काय ते ठरवावे. माहेरच्या दाराची किंमत म्हणून घेतलेल्या सहीला मर्जी म्हणता येत नाही.

"जमिनीचे तुकडे होतील"

हा आक्षेप खरा आहे, टाळून चालणार नाही. चोवीस एकरांची आज आमच्या वाट्याची जमीन पाच एकरांवर आली आहे. धाकटा भाऊ ती कसतो. त्याचे म्हणणे होते, पाच नावे लागली तर कर्ज काढताना पाच सह्या, आणि उद्या पाच वाटण्या.

पण नाव लावणे आणि बांध घालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सातबारावर सर्वांची नावे सामाईक राहू शकतात आणि शेत एकजण कसू शकतो. बहिणीच्या हिश्शाचे वर्षाचे बटईप्रमाणे किंवा ठरलेले उत्पन्न तिला देता येते. कसणाऱ्या भावाला पूर्ण जमीन हवी असेल तर बाजारभावाने तिचा हिस्सा विकत घ्यावा, हप्त्यांनी घेतला तरी चालेल, पण रीतसर नोंदणी करून. बहीण घर बांधत असेल, तिच्या मुलीचे शिक्षण अडले असेल, तर तो पैसा तिच्या हक्काचा असतो, भावाची मदत नसते. एवढा एक शब्द बदलला तरी तिची मान वर होते.

आमच्या घरात चोवीस एकरांचा तो हिशेब मी कागदावर मांडून भावांपुढे ठेवला. थोरल्याने लगेच होकार दिला. धाकट्याने दोन दिवस घेतले. मग म्हणाला, "ज्या बाईने तगाई फेडली तिचेच नाव नाही, तर मग आपण कोण?" आज त्या पाच एकरांवर अम्मी, दोन भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी अशी पाच नावे आहेत. शेत अजूनही तोच कसतो. बांध एकही वाढलेला नाही.

आपण काय करावे

घरात इंतकाल झाला असेल तर वारस नोंद लांबवू नये. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र जोडून तलाठ्याकडे अर्ज द्यावा. वारसांची नोंद आधी नमुना सहा-क मध्ये होते, मग फेरफार लिहिला जातो. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नोटीस आली की बहिणींनी ती वाचावी. वाचता येत नसेल तर शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्यावी. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर अंगठा देऊ नये. वडील हयात असतील तर त्यांनीच मुलामुलींना एकत्र बसवून सगळ्यांदेखत उतारे दाखवावेत. माघारी होणारी निम्मी भांडणे तिथेच मिटतात.

आणि जुने शोधताना फक्त 'वल्द' शोधू नका. 'बिन्ते', 'जौजे', 'बेवा' हेही शोधा. बायकांची नावे जमिनीच्या दप्तरात कमी मिळतात. काझींचे सियाहे, हिबानामे, मेहरात दिलेल्या जमिनीचे कागद, कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळेचे जुने जनरल रजिस्टर, कबरस्तानातले कत्बे, आणि सर्वांत आधी घरातली म्हातारी माणसे, यांच्याकडे ती मिळतात. म्हाताऱ्यांना आजच विचारून वहीत लिहून ठेवा. ते दप्तर स्कॅन होत नाही.

या लेखात मी घरातल्या कोणाचेच नाव दिलेले नाही, पुरुषांचेही नाही. नावांची खरी जागा मासिकाचे पान नाही, नमुना सहाची वही आहे. त्या चार बायकांची बारा एकर जमीन आता परत करता येणार नाही. तिचे किती तुकडे झाले, किती विकले गेले. पण आपल्या घरात पुढचा फेरफार अजून लिहायचा आहे. तो लिहिला जाईल तेव्हा वारसांच्या यादीत किती नावे आहेत ते एकदा मोजून पाहा, आणि मग घरात किती लेकरे जन्मली तेही मोजा.